गुळाच्या पट्टीचा जुना प्रिंटर, नवा लॅपटॉप आणि मधी अर्डुइनो : प्रकल्प नोंदी

२२ सप्टेंबर, रविवार

मामाची कोल्हापुरात शाहू मार्केट यार्डात गुळाची आडत आहे. शेतकऱ्याला हिशोबाची पट्टी द्यायची ती तीन प्रतीत, एक शेतकऱ्याला, एक व्यापाऱ्याला आणि एक फाईलला, मधी कार्बन. त्यामुळं डॉट मॅट्रिक्सशिवाय दुसरा प्रिंटर चालतच नाही, लेझर किंवा इंकजेट कागदावर ठोका मारत नाहीत तर खालच्या प्रतीवर काय उमटणार. प्रिंटर ९ पिनचा, ८० कॉलमचा, आवाज सगळ्या गाळ्यात जातो पण ठणठणीत आहे. मेला तो कॉम्प्युटर. मदरबोर्डवरचे चार कपॅसिटर फुगून टोपी फाटलेले. त्यात फॉक्सप्रोचा डॉसवाला प्रोग्राम होता, तो सरळ एलपीटी-१ ला, म्हणजे प्रिंटरच्या पॅरलल पोर्टला लिहायचा.

नवीन लॅपटॉप आणला, त्याला पॅरलल पोर्ट नाही. आता कुठल्याच लॅपटॉपला नसतो. मामा म्हणाला, "भाचेबुवा, डिप्लोमा केलाय न्हवं इलेक्ट्रॉनिक्सचा, मग जोडून दे की." सीझन दिवाळी पाडव्याच्या मुहूर्ताच्या सौद्याला सुरू होतो, म्हणजे २ नोव्हेंबर. सहा आठवडे. शिरोलीत मेंटेनन्सची नोकरी करून हे करायचं म्हणजे रविवार आणि सुट्ट्याच.

हे लिहून ठेवतोय कारण असे प्रिंटर अजून लई ठिकाणी आहेत आणि कोण ना कोण ह्याच खड्ड्यात पडणार.

२४ सप्टेंबर

आधी सोपा रस्ता करून बघितला, यूएसबी ते पॅरलल केबल, ५५० रुपये. विंडोजनं ओळखली, टेस्ट पेज पण आलं. मग दुसऱ्या दिवशी अर्ध्या पट्टीत थांबली, काढून परत लावली की चालू, परत दहा मिनिटांनी बंद. दुकानदार म्हणतो वापरलेली केबल परत घेत नाही. कनेक्टर मोल्ड केलेला, खोलायला गेलो तर तुटलाच, आत काय बिघडलं ते कळलं नाही. तुमच्याकडं अशी केबल नीट चालत असेल तर पुढचं काही वाचू नका, तीच वापरा.

मी ठरवलं की आता अर्डुइनो उनोच (प्रोग्राम करता येणारा छोटा सर्किट बोर्ड) प्रिंटरला जोडायचा. लॅपटॉपकडून यूएसबीवर अक्षरं घ्यायची आणि पॅरलल पोर्टचं नाटक करून प्रिंटरला द्यायची. उनो ५ व्होल्टवर चालतो आणि प्रिंटरची लाईन पण ५ व्होल्टचीच, म्हणून मुद्दाम उनो घेतला. ३.३ व्होल्टवाला बोर्ड घेतला तर प्रिंटरकडून येणारे ५ व्होल्ट त्याच्या पिनवर जातात, मग मधी लेव्हल कन्व्हर्टर लागतो. उगाच डोक्याला ताप.

२८ सप्टेंबर, शनिवार

राजारामपुरीत दोन दुकानं फिरून २५ पिनचा फीमेल डी कनेक्टर मिळाला, ४० रुपये. जुनी केबल होतीच, एका टोकाला २५ पिन आणि प्रिंटरकडं ३६ पिनचा जाडा सेंट्रॉनिक्स कनेक्टर, दोन तारांच्या क्लिपा लावतात तो. हा ३६ पिनचा प्रकार १९७० च्या सेंट्रॉनिक्स मॉडेल १०१ पासूनचा. गंमत म्हणजे तो कनेक्टर काही खास डिझाईन करून निवडलेला नव्हता, वांग कंपनीकडं कॅल्क्युलेटरसाठी आणलेले वीसेक हजार पडून होते, तेच लावले. आणि १९८१ ला आयबीएमनं पीसीला २५ पिनचा लावला, म्हणून केबलची दोन टोकं दोन जातीची.

२५ पिनकडून बघितलं तर काम एवढंच आहे. २ ते ९ ह्या आठ तारांवर एका अक्षराचे आठ बिट एकदम उभे राहतात, २ वर सगळ्यात लहान बिट आणि ९ वर सगळ्यात मोठा. १ म्हणजे स्ट्रोब, "आता वाच" म्हणून कॉम्प्युटरनं मारलेली टिचकी, ती एरवी वर (५ व्होल्टला) असते आणि क्षणभर खाली (शून्याला) जाते. ११ म्हणजे बिझी, प्रिंटर म्हणतो थांब. १० म्हणजे ॲक्नॉलेज, प्रिंटर म्हणतो मिळालं. १२ कागद संपला, १३ प्रिंटर ऑनलाईन आहे, १५ एरर. १४ ऑटोफीड, १६ रिसेट, १७ सिलेक्ट इन. १८ ते २५ सगळे ग्राउंड.

उनोच्या २ ते ९ पिना आणि कनेक्टरच्या २ ते ९ पिना, आकडे पण तेच. म्हटलं देवानंच जुळवून आणलंय. रंगीत रिबन केबल (चिकटलेल्या तारांची पट्टी) घेऊन सोल्डर केलं, स्ट्रोब १० वर, बिझी ११ वर, कागद १२ वर. चार तास गेले, त्यातला एक तास सोल्डरिंग गनचं टोक साफ करण्यात.

२९ सप्टेंबर, रविवार, सकाळ

काहीच नाही. बिझी कायम वर. प्रिंटरला जणू बोलायचंच नाही. ऑनलाईनचा दिवा लागलेला, कागद आहे, सेल्फ टेस्ट मारली तर पान भरून छापतो. मीटर घेऊन बसलो, ११ वर ४.८ व्होल्ट, हलायलाच तयार नाही.

दीड तासानं १७ नंबरकडं लक्ष गेलं. सिलेक्ट इन मी मोकळी सोडली होती, कारण डोक्यात होतं की ही काही कामाची नाही. ती तार खाली ओढलेली असेल तरच काही प्रिंटर आपल्याशी बोलणं चालू झालं असं समजतात. मोकळी सोडली की प्रिंटरच्या आतला पुल-अप ती वर ओढून धरतो. १७ सरळ ग्राउंडला बांधली, बिझी खाली आली. १४ ला १० के चा रेझिस्टर लावून ५ व्होल्टला बांधली, ती खाली राहिली तर प्रिंटर प्रत्येक ओळीनंतर स्वतःहून एक ओळ जास्त सोडतो. १६ पण तशीच वर बांधली.

२९ सप्टेंबर, रात्री

छापलं! पण काय छापलं ते बघा. इंग्रजी कॅपिटलमध्ये "गुल १००" पाठवलं, म्हणजे जी, यू, एल, मग स्पेस आणि १००. प्रिंटरनं ग्रीक गॅमा काढला, मग एक उलटा काटकोन, मग २, मग टोपी घातलेला आय, आणि मग अख्खं पान बाहेर फेकलं. मग परत एक पान फेकलं. मामी आतून म्हणाली, कागद काय फुकट येतोय का.

परत पाठवलं, आता ए, बी, सी, झेड आणि शेवटी शून्य. आलं ते असं : सुरुवातीला ठिपक्याठिपक्याचा चौकोन आणि एक पी (हे मागचं उरलेलं), मग डोक्यावर तिरकी रेघ असलेला ई, मग बी, मग चौकटीचा तुकडा, मग झेड. आणि पान बाहेर.

बी आणि झेड बरोबर, ए आणि सी चूक. इथं जरा डोकं चाललं. पट्टीच्या पाठकोऱ्या कागदावर बायनरी लिहून काढलं. बी म्हणजे ०१००००१०, डावीकडून वाचा नाहीतर उजवीकडून, तेच. झेड म्हणजे ०१०११०१०, ते पण तसंच. ए म्हणजे ०१०००००१, उलटा केला की १०००००१०, आणि प्रिंटरच्या पीसी ४३७ च्या टेबलात (कुठल्या आकड्याला कुठलं अक्षर त्याचा तक्ता) तिथं बरोबर तो रेघवाला ई बसलेला. म्हणजे आठच्या आठ तारा उलट्या लागल्यात. आणि शून्य? आकडा ० म्हणजे ००११००००, उलटा केला की ००००११००, म्हणजे फॉर्म फीड, पान बाहेर टाक. पैशाच्या पट्टीत शून्यंच शून्यं, पाचशे पानांचा बॉक्स एका दिवसात संपला असता.

कारण काय तर कनेक्टर पालथा घालून सोल्डर केला आणि रिबनचा तपकिरी रंग २ च्या जागी ९ वर गेला. सुट्ट्या तारा आकडे बघून लावल्या म्हणून बरोबर, रिबन रंग बघून लावली म्हणून उलटी. कनेक्टरच्या प्रत्येक पिनेपाशी बारीक आकडे कोरलेले असतात, मोबाईलच्या कॅमेऱ्यानं झूम करून बघा, रंगावर विश्वास ठेवू नका. कोडमध्ये एक ओळ बदलून बिट उलटे करता आले असते पण मग पुढं कोण हे उघडेल त्याला वेड लागेल, म्हणून आठ तारा सोडवून परत लावल्या. पाऊण तास.

२ ऑक्टोबर, गांधी जयंतीची सुट्टी

आज आठ तास घालवले आणि ते सगळे माझ्या शहाणपणामुळं.

अक्षरं आता बरोबर येत होती पण मधेच अडकायचं. कधी तिसऱ्या ओळीत, कधी पहिल्याच. मी कोड कसा लिहिला होता, तर आठ बिट ठेव, स्ट्रोब मार, मग ॲक्नॉलेजची वाट बघ, आला की पुढचं अक्षर. पुस्तकात आकृती अशीच असते, स्ट्रोब, मग बिझी, मग ॲक्नॉलेज, अगदी नमस्काराला नमस्कार.

पण ॲक्नॉलेज हा पाचदहा मायक्रोसेकंदाचा ठिपका असतो. उनोमधी एक पिन वाचायलाच चारेक मायक्रोसेकंद जातात, आणि त्याच वेळी लॅपटॉपकडून अक्षर आलं तर तो सिरियलच्या इंटरप्टमध्ये, म्हणजे हातातलं काम सोडून ते अक्षर घ्यायला जाऊन येतो. तेवढ्यात ॲक्नॉलेज येऊन गेलेला. प्रिंटर म्हणतो मी सांगितलं की, उनो म्हणतो मी ऐकलंच नाही, आणि दोघं एकमेकांकडं बघत बसलेत. लग्नात दोन व्याही "आधी तुम्ही" करत दारात उभे राहतात तसं.

मी आधी दोष दिला केबलला, मग सोल्डरला, मग स्ट्रोबच्या वेळेला. डेटा ठेवल्यावर अर्धा मायक्रोसेकंद थांबायचं, स्ट्रोब निदान अर्धा मायक्रोसेकंद खाली ठेवायचा आणि नंतर पण अर्धा मायक्रोसेकंद डेटा हलवायचा नाही, एवढंच लागतं. उनो इतका सावकाश आहे की हे आपोआप पाळलं जातं, त्याची भीती बाळगायचं कारणच नव्हतं.

शेवटी आठवलं की जुन्या पीसीचा बायोस (मशीनमधलाच मूळ प्रोग्राम) पण छापताना बिझीच तपासायचा, ॲक्नॉलेज होता तो पाहिजे असेल तर इंटरप्ट ७ साठी. मग मी ॲक्नॉलेजची तारच काढून टाकली. आता नियम एकच, बिझी खाली आहे का बघ, असेल तर अक्षर ठेव, टिचकी मार, परत बिझी बघ. बिझी ही स्थिती आहे, कधीही बघितली तरी खरं सांगते. दहा पानं न अडकता छापली. संध्याकाळी रंकाळ्यावर जाऊन भेळ खाल्ली.

५ ऑक्टोबर, शनिवार

लॅपटॉपवर प्रोग्राम उघडला की प्रिंटर स्वतःहून एक कचरा अक्षर छापतोय. दोन कारणं निघाली आणि दोन्ही एकदम होती म्हणून एक दुरुस्त करून फरक पडत नव्हता.

एक, लॅपटॉपनं पोर्ट उघडला की उनो रिसेट होतो, त्या एकदोन सेकंदात त्याच्या सगळ्या पिना अधांतरी, स्ट्रोबची तार वाऱ्यावर. स्ट्रोबला १० के चा रेझिस्टर ५ व्होल्टला लावला. दोन, माझ्या कोडमध्ये आधी पिन आउटपुट केली आणि मग वर नेली. आउटपुट केल्याकेल्या ती खाली असते, म्हणजे तीच एक टिचकी झाली. उलट क्रम लावला, आधी वर कर, मग आउटपुट कर. कचरा बंद. वर रिसेट आणि ग्राउंडमधी १० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर टाकला म्हणजे पोर्ट उघडला तरी उनो रिसेट होत नाही. पण नवीन कोड चढवताना तो काढायला लागतो, मी विसरलो आणि वीस मिनिटं "कोड चढंना का" म्हणून बसलो.

६ ऑक्टोबर, रविवार

पट्ट्या छापून बघितल्या. पहिली बरोबर, दुसरी बरोबर, तिसरीत दोन ओळी गायब, चौथीत अर्धी पट्टी नाही. एकेक करून छापलं तर सगळ्या बरोबर! म्हणजे प्रोग्राम बरोबर, तारा बरोबर, मग?

लॅपटॉप ९६०० च्या वेगानं सेकंदाला ९६० अक्षरं ढकलतोय. प्रिंटरचं डोकं तेवढ्या वेगानं पळत नाही, पण त्याच्या पोटात बफर आहे म्हणून पहिल्या दोन पट्ट्या तो गिळून ठेवतो. पोट भरलं की बिझी वर करतो, ते बरोबरच करतो. उनो बिझी बघून थांबतो, ते पण बरोबर. पण लॅपटॉपला कोण सांगणार थांब म्हणून? उनोचा सिरियलचा बफर फक्त ६४ अक्षरांचा, तो भरला की पुढचं सरळ सांडतं. घागर भरली तरी नळ चालूच.

म्हणजे जे नातं प्रिंटर आणि उनोमधी आहे तेच उनो आणि लॅपटॉपमधी पण लागतं. लॅपटॉपवरच्या पायथनच्या प्रोग्रामात बदल केला, ३२ अक्षरं पाठव आणि उनोकडून एक टिंब येईपर्यंत थांब. उनो ती ३२ प्रिंटरला दिल्यावरच टिंब पाठवतो. वेग पण वाढवून १,१५,२०० केला कारण आता सांडायची भीती नाही. सलग ४० पट्ट्या छापल्या, एक अक्षर गेलं नाही. कागद मामाच्या आधीच्या रद्दीतला, पाठकोरा.

१२ ऑक्टोबर, दसरा

यार्डात काट्याची, वह्यांची पूजा झाली, मामानं उनोच्या ब्रेडबोर्डला (सोल्डर न करता तारा खुपसायची पाटी) पण झेंडूचं फूल वाहिलं. आणि पूजा झाल्यावर म्हणाला, आता एक खरी पट्टी काढ बघू.

काढली. हमाली, तोलाई वजा जाऊन रक्कम १००० च्या जागी १०,००० छापून आली.

मामा पट्टीकडं बघतोय, मी मामाकडं. "अरं, हे जुनंच बरं हुतं की! शेतकरी ह्यो कागद घिऊन आला तर मी काय देऊ त्येला?" सणादिवशी एवढं ऐकून घेतलं.

नंतर बघितलं तर कधीतरी एखादं अक्षर दोनदा उमटतंय, नावात आलं तर कळतं, शून्यात आलं तर दिसत पण नाही. म्हणजे एका टिचकीच्या दोन टिचक्या होतायत. सगळ्या आठ ग्राउंड पिनांतली मी एकच जोडली होती, ती पण ब्रेडबोर्डवर बारीक जंपर वायरनं, वायर हलवली की जास्त व्हायचं. केबलच्या आत प्रत्येक सिग्नलबरोबर ग्राउंडची तार दिलेली असते ती उगाच नसते, परतीचा रस्ता जवळ असेल तर सिग्नल सरळ जातो, नाहीतर खाली जाताना थरथरतो आणि प्रिंटर ती थरथर दुसरी टिचकी म्हणून मोजतो. मी आठ सारख्या पिना बघून कंजूषपणा केला.

१३ ऑक्टोबर, रविवार

ब्रेडबोर्ड काढला. झीरो पीसीबीवर (भोकांची कोरी सर्किट पाटी) सगळं सोल्डर केलं, १८ ते २५ आठही पिना जाड तारेनं एकत्र करून उनोच्या ग्राउंडला, स्ट्रोबची तार सगळ्यात आखूड. मग नुसत्या शून्यांची पानं छापली, ओळीत ८० शून्यं, ६० ओळी, अशी पाच पानं. एक जरी शून्य जास्त आलं तर ओळ पुढं सरकून खाली उरणार, नजरेला लगेच कळतं. एकही ओळ सरकली नाही. पाचही पानं मामाला दाखवली, तो म्हणाला एवढी शून्यं माझ्या पासबुकात दाखव.

त्याच दिवशी अजून दोन भानगडी. कागद संपला की प्रिंटर बिझी वर करून बसतो आणि लॅपटॉप नुसता लटकतो, माणसाला वाटतं हँग झाला आणि तो बटण दाबतो, मग पट्टी दोनदा. आता बिझी पाच सेकंदांच्या वर राहिली तर उनो १२ आणि १५ नंबर बघतो आणि लॅपटॉपवर मराठीत येतं, "कागद संपला" नाहीतर "प्रिंटर बघा".

दुसरी भानगड भुताची. प्रिंटरचा स्विच बंद, तरी समोरचा दिवा मंद लागलेला. मामाचा हमाल म्हणाला अमावस्या जवळ आलीय का. झालं असं की उनोच्या डेटाच्या तारा शेवटच्या अक्षरावर वर राहिल्या होत्या आणि त्यांच्यातून चोरवाटेनं प्रिंटरच्या आत वीज झिरपत होती. अशा वेळी बिझी खालीच दिसते, म्हणजे उनोला वाटतं प्रिंटर मोकळा आहे आणि तो सगळी पट्टी हवेत पाठवून "झालं" म्हणतो. म्हणून प्रत्येक अक्षरानंतर आठही तारा खाली आणतो, आणि सुरुवातीला १३ नंबर, म्हणजे ऑनलाईन, वर आहे का ते बघतो. १३ ला १० के ग्राउंडला बांधलाय म्हणजे प्रिंटर बंद असेल तर ती खालीच राहील.

१९ आणि २० ऑक्टोबर

इथं काम संपायला पाहिजे होतं, पण मामा म्हणाला जुन्यात नावं इंग्रजीत यायची, आता नवीन करतोयस तर मराठीत कर की.

प्रिंटरला देवनागरी येत नाही, त्याला चित्र म्हणून पाठवायला लागतं. आधी एस्केप (पुढं हुकूम येतोय अशी खूण), मग के, मग किती कॉलम ते दोन बाइटमध्ये. पूर्ण ८ इंच ओळीला ६० ठिपके इंचाला म्हणजे ४८० कॉलम, तो आकडा २२४ आणि १ असा द्यायचा (२५६ अधिक २२४). मग प्रत्येक कॉलमला एक बाइट, सगळ्यात वरची पिन म्हणजे १२८. पॅरलल तारेला काय फरक पडत नाही, तिच्यासाठी अक्षर पण आठ बिट आणि चित्र पण आठ बिट.

पहिला प्रयत्न, "शिरोळ" छापलं तर वेलांटी श च्या मागं आणि "पन्हाळा" मधला न्हा फुटून न ला पाय मोडका. हा प्रिंटरचा दोष नाही, पायथनच्या पिलो लायब्ररीला जोडाक्षरं नीट काढायला रॅक्म नावाची दुसरी लायब्ररी लागते आणि विंडोजवर त्यासाठी फ्रिबिडीची डीएलएल फाईल वेगळी आणून ठेवायला लागली. दोन तास.

दुसरा प्रयत्न, शिरोरेघ वर, अक्षरं खाली आणि मधी पांढरी भेग, गळा कापल्यासारखं. ओळीतलं अंतर एक षष्ठांश इंच असतं, म्हणजे १२ ठिपके, आणि चित्राची पट्टी ८ ठिपक्यांची, ४ ठिपके रिकामे. एस्केप ३ आणि २४ पाठवलं की अंतर २४/२१६ इंच होतं, पट्ट्या चिकटल्या.

तिसरा प्रयत्न, कुठल्यातरी एखाद्याच नावात चित्र एक ठिपका सरकतंय आणि ओळीच्या शेवटी एक फालतू अक्षर. हे सापडायला सगळा रविवार गेला. मी सवयीनं उनोच्या कोडमध्ये लिहून ठेवलं होतं की १० आला, म्हणजे लाईन फीड, तर आधी १३ पाठव. चित्रातल्या एखाद्या कॉलमचे ठिपके नेमके ००००१०१० असले की उनो त्याला लाईन फीड समजून आपला एक बाइट मधी घुसवतो, ४८० ची मोजणी एकानं आधी भरते आणि शेवटचा बाइट अक्षर म्हणून छापला जातो. उनोमधला शहाणपणा काढला. आता उनो जे येईल ते तसंच देतो, कॅरेज रिटर्न वगैरे सगळं पायथनकडं.

१६ ठिपके उंचीत ऱ्हस्व-दीर्घ वेलांटी कळत नव्हती, २४ केली, म्हणजे तीन पट्ट्या. आणि आडवे ६० तर उभे ७२ ठिपके इंचाला, त्यामुळं अक्षरं गुळाच्या रव्यासारखी, म्हणजे ढेपेसारखी बुटकी आणि रुंद दिसत होती. के च्या जागी एल वापरला, १२० ठिपके, कॉलम ९६० (१९२ आणि ३), आणि चित्र आधीच त्या प्रमाणात ताणून घेतलं. नाव मराठीत, आकडे प्रिंटरच्या स्वतःच्या अक्षरात. सगळं चित्रात छापलं तर एका पट्टीला मिनिटाच्या वर लागतंय आणि बाहेर शेतकरी टेम्पो लावून उभा असतो.

२६ ऑक्टोबर, शनिवार

सगळं एका प्लास्टिकच्या स्विचबोर्डाच्या डब्यात घातलं. खर्च : उनो (क्लोन) ४५०, डब्बा ६०, कनेक्टर ४०, झीरो पीसीबी, रेझिस्टर, कपॅसिटर, तारा मिळून ११०, म्हणजे ६६०. शिवाय वाया गेलेली यूएसबी केबल ५५०, आणि प्रिंटरची नवीन शाईची रिबन १८०. वेळ साधारण ५० तास, त्यातले जाणकार माणसाला १५ लागले असते. कागदाचा हिशोब मामीनं मागितला नाही, मी पण काढला नाही.

२ नोव्हेंबर, पाडवा

मुहूर्ताचा सौदा झाला. पहिली पट्टी कागलच्या एका शेतकऱ्याची, तीस किलोचे रवे. प्रिंटर करकरत सुरू झाला, वर गावाचं नाव मराठीत, खाली आकडे. शेतकऱ्यानं कागद घेतला, नाव बघितलं नाही, आधी रक्कम बघितली आणि मोबाईलवर गुणाकार करून पडताळली. बरोबर निघाली. मामानं पण चष्मा लावून सगळी शून्यं मोजली, बोटानं.

दुपारपर्यंत ३४ पट्ट्या. एकदा "कागद संपला" आलं, हमालानं कागद घातला आणि पट्टी होती तिथून पुढं चालू झाली. तिसरी प्रत मात्र फिकट येतेय, ती कार्बनची आणि प्रिंटरच्या डोक्याच्या अंतराची भानगड आहे, बाजूला जाडीचा खटका असतो तो एक घर मागं घेतला तर जरा सुधारलं. पुढच्या रविवारी डोकं काढून साफ करतो.